बाकल्यावरची राख

अंगणातल्या पांढऱ्या दगडाशी उभं राहून पोरानं लघवी केली आणि क्वेइमोईच्या हातातलं सूप गळून पडलं. कोंबड्या सांडलेले तांदूळ वेचू लागल्या तरी त्यांना हाकलायचं भान तिला राहिलं नाही. दगडावरून जे ओघळत होतं ते चुलीवर विसरलेल्या चहासारखं होतं, काळं-तांबडं.

हा रंग तिनं याआधी एकदाच पाहिला होता. त्याला सदतीस वर्षं झाली.

"केउए, इकडं ये. उजेडात ये. डोळे उघड नीट."

केउए म्हणजे कुत्रं. नातू चार वर्षांचा. पोर जगावं म्हणून नाव हलकं ठेवलेलं, तसं त्या डोंगरात सगळेच ठेवतात. त्याचे आईबाप शेन्झेनच्या कारखान्यात, आणि तिकडची आजी अंथरुणाला खिळलेली, म्हणून दोन वर्षं तो आईच्या आईपाशीच वाढत होता. तिनं त्याची हनुवटी वर केली. डोळ्यांतलं पांढरं पपनसाच्या सालीसारखं पिवळं झालेलं. ओठांत रक्ताचा थेंब नाही.

"काय खाल्लंस रे?"

"काही नाही."

"खरं सांग. मारत नाही."

"शेंगा," तो पुटपुटला. "परवा. लाम आजोबांच्या बांधावरच्या. च्यापो, त्या कच्च्यासुद्धा गोड लागतात. तू का नाही लावत?"

च्यापो म्हणजे आजी. शाकहांग गावात एकही बांध असा नव्हता की ज्यावर वसंतात बाकला उभा नसे. पांढरी फुलं, प्रत्येक फुलाला काळा डोळा, मग बोटभर जाडीच्या हिरव्या शेंगा. एकट्या क्वेइमोईच्या बांधावर सदतीस वर्षांत बाकल्याचा दाणा पडला नव्हता. लोक म्हणत, म्हातारीचं डोकं फिरलंय. पण का ते जुन्यांना ठाऊक होतं, आणि नव्यांनी कधी विचारलं नाही.

तिनं झोळी बांधून पोराला पाठीवर घेतलं आणि ती धावत सुटली. पुलापाशी विटांचा ट्रॅक्टर भेटला. त्यात विटांवर बसून ती जिल्ह्याच्या गावच्या हॉस्पिटलात पोचली तेव्हा केउए तिच्या मानेवर डोकं टाकून गप्प पडला होता, आणि मानेला त्याच्या कपाळाचा चटका बसत होता.

*

दोन बाटल्या रक्त चढलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पोरानं पेज मागितली. संध्याकाळी नर्सला म्हणाला, "तुझ्या टोपीत काय लपवलंयस?" तेव्हा कुठं क्वेइमोईनं पाय लांब केले.

डॉक्टर हो म्हणून एक तरुण बाई होती. केस आखूड, बोलणं स्वच्छ, आणि मुख्य म्हणजे ती डोंगराकडचीच, बोलीही तीच. क्वेइमोईच्या बाजूला स्टूल ओढून ती बसली.

"आजी, आणखी दोन तास उशीर झाला असता तर पोर हाती लागलं नसतं. आता एक विचारते. घरात आधी कुणाला असं झालं होतं? मुलग्याला? बाकला खाऊन?"

"नाही," क्वेइमोई म्हणाली.

डॉक्टरनं तिच्याकडं पाहिलं आणि तो विषय तिथंच सोडला. मग समजावून सांगू लागली. रक्तातल्या तांबड्या पेशींना एक राखणदार असतो. काही पदार्थ पोटात गेले की पेशी आतून जळायला लागतात, तेव्हा हा राखणदार आग विझवतो. केउएच्या पेशींतला राखणदार जन्मापासून अधू आहे. एरवी चालून जातं. बाकला खाल्ला, कपड्यांच्या पेटीतल्या डांबराच्या गोळ्यांचा वास घेतला, काही औषधं घेतली, की पेशी फुटतात. फुटलेलं रक्तच लघवीतून बाहेर येतं.

"अधू का झाला?"

"लिहिताना चूक झाली म्हणून. शरीर कसं बांधायचं याचा मजकूर आपल्या प्रत्येकात असतो, आजी. आईबापांकडून उतरवून घेतलेला. केवढा तरी लांब. उतरवताना कधी एक अक्षर बदलतं, कधी गळतं, कधी अख्खी ओळ गळते, कधी पानच दोनदा लिहिलं जातं. बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही. काहींनी मूल जन्मालाच येत नाही. तुमच्याकडं एकच अक्षर बदललंय."

"पण बदललं कशानं?" क्वेइमोईचा आवाज बारीक झाला. "मी पोटुशी असताना औषध मारलेल्या भातात गुडघाभर पाण्यात राबायची. त्यानं?"

"त्यानंही होऊ शकतं, नाही असं नाही. विषारी औषधांनी होतं, क्ष-किरणांनी होतं, कधी कशानंच नाही, नुसतं हात चुकल्यासारखं होतं. पण ही चूक तुमच्या वेळची नाही. फार जुनी आहे. या डोंगरांतल्या कितीतरी घरांत आहे. पूर्वी इथं हिवतापानं माणसं पटापट मरायची. ज्यांच्या रक्तात ही चूक होती त्यांच्या रक्तात तो ताप नीट रुजत नसे. म्हणून ती माणसं तगली आणि चूकही तगली."

क्वेइमोई अक्षरशत्रू होती, पण गाणं तिला कळत होतं. तरुणपणी चहाच्या मळ्यात तिच्या गळ्याला जोड नव्हती. तिला एक जुनं डोंगरगाणं आठवलं:

पल्याडच्या डोंगरावर चहा खुडते सखी माझी,
हाक मारते, पोचत नाही, वारा नेतो हाक माझी.

तिची आई 'वारा नेतो' म्हणत नसे. 'वारा खातो' म्हणायची. आजीही तसंच म्हणायची. कधीतरी, कुठल्यातरी बाईच्या तोंडून एक शब्द बदलला होता, आणि तिच्या लेकी, लेकींच्या लेकी तोच खरा समजून गात आल्या होत्या. गाणं काही अडलं नव्हतं.

"मग माझ्या लेकीला काही कसं झालं नाही?"

"बायकांकडं त्या मजकुराच्या दोन प्रती असतात. एक चुकली तर बहुतेक वेळा दुसरी सांभाळून घेते. मुलग्याकडं एकच असते आणि ती आईकडून येते. मुलीनं केउएला दिली, मुलीला..." डॉक्टर जराशी थांबली. "बापाकडून आलेली असू शकते. तुमचे मालक बाकला खायचे?"

"वाटीवाटीनं. मरेपर्यंत."

"मग तुमच्याकडून."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. वाजवतच राहिलं.

"एक मुलगा होता," क्वेइमोई म्हणाली. "सुइसेन. तीन वर्षांचा. शेंगा मीच खायला घातल्या."

*

ते साल भुकेचं होतं. गावात कुत्री उरली नव्हती आणि झाडांना साली उरल्या नव्हत्या. शेतं सगळ्यांची, म्हणजे कुणाचीच नाहीत. पीक गावच्या सामूहिक शेती-तुकडीच्या कोठारात जायचं आणि तिथून कुठं जायचं ते विचारायची सोय नव्हती. वसंतात नदीकाठच्या तुकड्यात बाकला धरला. त्यावर राखणीला थ्यामशुक होता. शुक म्हणजे काका. क्वेइमोईच्या सासऱ्याचा तो चुलतभाऊ, चाळिशीचा, बिनलग्नाचा. एके दिवशी थाळा बडवत तो गावभर फिरला. "पावडर मारलीय हो! शेंगांवर किड्यांची पावडर मारलीय! खाल तर आतडी तुटून मराल!"

क्वेइमोई पहाटेच्या धुक्यात गेली. शेंगांवर करडी-पांढरी भुकटी होती. तिनं ती पाटलोणीला पुसली, ओढ्यात शेंगा खळखळून धुतल्या, आणि दाणे सोलून सुइसेनला भरवले. टरफलं तिनं स्वतः चावून चावून गिळली. पोर खदखदून हसलं होतं त्या दिवशी. पोट भरलेलं पोर कसं हसतं ते घरात सगळे विसरूनच गेले होते.

तिसऱ्या दिवशी लघवी चहासारखी. पाचव्या दिवशी संपलं.

तेव्हापासून तिच्याजवळ एक नाव होतं. सकाळी चूल पेटवताना ती ते नाव घ्यायची, तोंडात चूळ धरल्यासारखं, आणि थुंकायची. थ्याम. थ्याम. थ्याम. त्या नावावर ती जगली. नवरा रडून मोकळा झाला, सासूनं 'पोरं खाणारी' म्हणून तीन वर्षं छळलं, पण क्वेइमोई मोडली नाही, कारण पोर तिनं खाल्लं नव्हतं. थ्यामनं मारलं होतं.

सहा वर्षांनी, जेव्हा गावोगाव माणसांना सभेत उभं करून झोडपायचे दिवस आले, तेव्हा थ्यामशुकला कुळाच्या पूर्वजघरात गुडघ्यांवर बसवलं. आरोप: गरिबाचं लेकरू विष घालून मारलं. तो म्हणत होता, "राख होती. माझ्या चुलीतली राख होती. पावडर आलीच नव्हती." कुणीतरी क्वेइमोईला पुढं ढकललं. "तू सांग. शेंगांना वास आला होता का?"

वास आला नव्हता.

"आला होता," ती म्हणाली. "पावडरचा वास आला होता."

मनगटांना दोर बांधून त्याला तुळईला टांगला. उजवा हात खांद्यात उखडला आणि कोपरात मोडला. नंतर तो जसा जुळला तसा जुळला.

*

चौथ्या दिवशी तिची लेक, केउएची आई युनहा आली. तीस वर्षांची, कारखान्याच्या निळ्या सदऱ्यावरच, डोळे बसलेले. पोराला पाहताच आधी त्याच्या ढुंगणावर एक चापट दिली. "शेंगाचोर! तुझ्यासाठी कामावर खाडा केला मी!" आणि मग त्याच्या पोटात तोंड खुपसून कितीतरी वेळ तशीच राहिली.

पोराला घरी आणल्यावर मायलेकी अंगणात बसल्या. डॉक्टरनं दिलेली यादी युनहानं मोठ्यानं वाचून दाखवली. बाकला नाही, बाकल्याच्या शेवया नाहीत, डांबरगोळ्या नाहीत, नवजातांना कडू मुळीचं पाणी पाजतात ते नाही, ही गोळी नाही, ती गोळी नाही. क्वेइमोईनं प्रत्येकाला मान डोलावली.

मग तिनं लेकीला सुइसेनचं सांगितलं. भाऊ होता आणि गेला, एवढं युनहाला माहीत होतं. पावडरचंही माहीत होतं. टरफलांचं माहीत नव्हतं.

"थांब, आमे," युनहा आईला म्हणाली. "टरफलं तू खाल्लीस?"

"सगळी."

"भुकटी वरून होती. म्हणजे टरफलांवर. आणि तुला काही झालं नाही."

"हूं."

"हे तुला तेव्हाच..."

"हूं," क्वेइमोई म्हणाली. "तेव्हाच. मी ते आतल्या आत दाबून धरलं. रोज उठून दाबत होते. आता डॉक्टरनं हातच सोडवला." तिनं गुडघ्यावरची माती झटकली. "मला थ्यामशुककडं जायचंय."

युनहानं कपाळावर हात मारला. "जाऊन काय सांगणार? आमच्या घराण्यात वंगाळ रक्त आहे म्हणून? गावात सकाळी बोललेलं दुपारी डोंगरापलीकडं जातं. सासू आधीच म्हणते, तुझ्या माहेरी मुलगे टिकत नाहीत. तिला कळलं की हे माझ्यातून गेलंय, तर म्हणेल गळका माठ घरात आणला. नवऱ्याला मी सांगितलंय, पोरानं घाण पाणी प्यायलं. तोही आईचाच मुलगा आहे, आमे."

"मी नुसती त्याच्याकडं जाते. त्याच्याच कानावर घालते."

"त्याच्याच?"

"त्याच्याच."

*

थ्यामशुक गावाच्या टोकाला एकटा राहायचा. आता अठ्ठ्याहत्तरचा. बांबूच्या टोपल्या विणायचा. कांबीचं एक टोक पायाच्या अंगठ्याखाली धरून डाव्या हातानं ओढत बसला होता. उजवा हात मांडीवर, कोपरात उलटा वळलेला, मेलेल्या कोंबडीच्या पायासारखा.

क्वेइमोई दाराशी उभी राहिली. सदतीस वर्षांत ती या दाराशी आली नव्हती.

त्यानं वर पाहिलं. "सुइसेनची आई," तो म्हणाला. "ये. पोरगं कसं आहे?"

तिला या नावानं हाक मारणारं गावात कुणी उरलं नव्हतं. नवरा गेल्यापासून तर कुणीच नाही. ती उंबऱ्यावरच बसली.

"बरा आहे. थ्यामशुक, मी एक सांगायला आलेय."

तिनं सांगितलं. राखणदार, अक्षर, आई, मुलगा. डॉक्टरनं सांगितलं त्यापेक्षा वाकडंतिकडं, पण सगळं. टरफलांचंही. वासाचं तिनं जमिनीकडं पाहून सांगितलं.

म्हातारा कांब ओढत राहिला. ती मधेच तटकन तुटली.

"पुन्हा सांग. शेंगेनंच होतं ते? वर काही नसलं तरी?"

"धुतलेल्या शेंगेनंसुद्धा. दाण्यानंच."

"टोपली," तो म्हणाला.

"काय?"

"राख मी ज्या टोपलीतून टाकली ती टोपली. आदल्या वर्षी तिच्यात पावडर होती. मी झटकली होती. धुतली नव्हती." त्यानं तुटलेली कांब बाजूला ठेवली. "सभेत टांगला तेव्हा मी ओरडत होतो, राख होती म्हणून. मला पक्कं ठाऊक होतं. मग हात बांधून पडून होतो ना, दोन महिने, तेव्हा टोपली आठवली. आणि ती डोक्यातून गेलीच नाही. तीस वर्षं मी टोपल्याच विणतोय, सुइसेनची आई. प्रत्येक टोपली विकायच्या आधी धुतो. लोक हसतात. नवी टोपली कशाला धुतोस म्हणतात."

क्वेइमोईला हे ठाऊक होतं. तीही हसली होती.

"राख कशाला टाकली तुम्ही?" तिनं विचारलं. "पावडर नव्हती तर नुसतं ओरडायचं."

"नुसत्या ओरडण्यानं कोण घाबरतंय? अंमलदार शेत बघायला यायचा. त्याला शेंगा पांढऱ्या दिसायला हव्या होत्या. आणि ज्याला अगदीच राहवत नाही तो पुसून खाईल, हेही मला कळत होतं. मला धुक्यात दिसायचं ना सगळं. तूही दिसली होतीस. मी पाठ फिरवून बसलो होतो."

बाहेर कोंबडा उगाचच आरवला. ती बसली होती तिथं तिला बसवेना आणि उठवेना.

"थ्यामशुक, तुम्ही मला मारा. शिव्या द्या."

"माझ्यानं एका हातानं कांबसुद्धा नीट ओढवत नाही, तुला काय मारू?" तो हसला, पण ते हसणं फार वेळ टिकलं नाही. "माफीबिफी मला नको. तू हे इथं माझ्या खोपटात सांगून गेलीस. तेव्हा इथं सांगितलं होतंस का?"

त्यानं दुसरी कांब अंगठ्याखाली धरली.

"छिंगमिंगला पूर्वजघरात सगळे येतील. थडगी झाडून झाल्यावर. मी गेली तीस वर्षं आत पाऊल टाकलेलं नाही. मला तिथं पुरखे दिसत नाहीत, तुळई दिसते. यंदा मी येईन. तिथं सांग."

"माझी लेक..."

"तुझी लेक माझ्या दोराच्या वेळी तुझ्या पोटात होती," तो म्हणाला. "तिच्यावर माझा राग नाही. पण तिथं सांग."

*

युनहा तीन दिवस तिच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी बोलली ती रागानं नाही, थकून. "तू शब्द दिला होतास, आमे. त्याच्याच कानावर."

"दिला होता."

"त्याचा हात आता सरळ होणार आहे का? आणि माझं घर मोडलं तर ते कोण जोडणार?"

क्वेइमोईनं वाटीत भात वाढला, वाटी लेकीपुढं सरकवली. युनहानं ती परत सरकवली. केउए दोघींकडं आळीपाळीनं पाहत होता. त्याला वाटलं खेळ आहे, आणि त्यानंही आपली वाटी सरकवली.

छिंगमिंगच्या दिवशी डोंगरावरची थडगी झाडून, कागद जाळून, फटाके उडवून कूळ खाली आलं. पूर्वजघरात मेजं मांडलेली, मध्ये अख्खं भाजलेलं डुक्कर. लग्न होऊन गेलेल्या लेकीला आत मान नसतो, म्हणून युनहा पोराचा हात धरून उंबऱ्याबाहेर उभी होती. दाराशेजारच्या स्टुलावर थ्यामशुक येऊन बसला होता. वर पाहत नव्हता.

डुकरावर सुरी ठेवायच्या आधी क्वेइमोई पुढं झाली.

"मला बोलायचंय," ती म्हणाली.

"काकू, आधी जेवू तर दे," कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

"मी इथं या फरशीवर उभी राहून खोटं बोलले होते. थ्यामशुकनं शेंगांवर पावडर टाकली म्हणाले. पावडरचा वास आला म्हणाले. वास आला नव्हता. टरफलं मी खाल्ली आणि मला काही झालं नाही. माझा सुइसेन शेंगेनं मेला. त्याच्या रक्तात चूक होती आणि ती चूक माझ्याकडून गेली. माझ्या लेकीलाही माझ्याकडून गेली, नातवालाही तिच्यातून माझीच गेली. तो परवा त्यातूनच वाचला."

शांतता झाली, पण तिला वाटली होती तशी नाही. तरुण पोरं एकमेकांकडं पाहत होती. "कसली पावडर?" एकानं विचारलं. दोर ओढणारे तिघं होते. दोघं वर डोंगरात होते, सकाळीच त्यांच्यापुढं उदबत्त्या लावून झाल्या होत्या. तिसरा मेजाशी बसला होता, दात नसलेला. तो म्हणाला, "सणावारी हे कशाला उकरायचं? ते दिवसच तसले होते." कुळाच्या वडीलधाऱ्यानं मान हलवली आणि सुरी उचलली.

"नाव घे," दारातून थ्यामशुक म्हणाला. "तेव्हा पूर्ण नाव घेतलं होतंस."

क्वेइमोईनं छाती भरून श्वास घेतला. एके काळी डोंगरापलीकडं हाक पोचवणारा तो गळा होता. "लिआउ थ्यामफुक," ती म्हणाली, आणि तो आवाज तुळईपर्यंत गेला. "लिआउ थ्यामफुकनं माझं पोर मारलं नाही. त्यानं आपल्या चुलीतली राख टाकली होती. माझ्या खोट्यापायी त्याचा हात गेला."

म्हातारा उठला. तिच्याकडं त्यानं पाहिलं नाही, कुणाकडंच नाही. वर मात्र एकदा पाहिलं, मग उंबरा ओलांडून, डाव्या हातानं भिंत धरत, निघून गेला. त्याच्या वाट्याचं मांस कुणीतरी हाक मारून द्यायला गेलं, ते परत आलं.

तिनं बाहेर पाहिलं. युनहा तिथं नव्हती.

*

बस पुलापाशी थांबते. युनहानं बोचकं काखेला मारलं होतं, केउए तिच्या कडेवर.

"त्याला तिकडं कोण बघणार?" क्वेइमोईला धाप लागली होती. "कारखान्यात..."

"बघेन मी. खोलीत कोंडून ठेवीन, पण नेईन." युनहाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "सासूला निरोप पोचायच्या आधी मला नवऱ्याशी बोलायला हवं. निदान माझ्या तोंडून कळू दे." बसच्या पायरीवर ती जरा थांबली. "तू खोटं बोललीस तेव्हा माझ्यासाठी बोलली नव्हतीस. खरं बोललीस तेही माझ्यासाठी नाही. मी कुठं आहे गं यात?"

"च्यापो येत नाही?" केउएनं विचारलं. बस निघाली होती.

ती घरी आली तेव्हा तिच्या पायरीवर न्युकमोई बसली होती. वरच्या वाडीची, सत्तरीची, कुळाचीच सून. मघाशी पूर्वजघरात तिनं हातातली वाटी खाली ठेवलेली क्वेइमोईला दिसली होती. त्यापलीकडं दोघींचं फारसं बोलणं नव्हतं.

"तुझ्या पोराची लघवी," न्युकमोई म्हणाली. "चहासारखी? लालसर?"

"हो."

"माझ्या दोघांची. एक भुकेच्या सालात, एक त्यानंतर चार वर्षांनी. दुसऱ्याला बाकला विकत आणून घातला होता. त्याला आवडायचा म्हणून." तिनं पदरासारखा आपला निळा एप्रन तोंडावर धरला आणि खाली सोडला. "सभेत थ्यामच्या पाठीवर मी चपलेनं मारलं होतं. मोजून वीस. दुसरं पोर पावडरनं नाही मेलं हे मला ठाऊक होतं, तरी मारलं. आता मी कुणाला मारू?"

क्वेइमोई तिच्याशेजारी टेकली. कोंबड्या मुठीएवढ्या सावल्यांत बसल्या होत्या.

मग क्वेइमोईला काहीतरी सुचलं. "तुला लेक आहे ना? चुंगांच्या गावात दिलेली?"

"आहे की. तिला उन्हाळ्यात दुसरं व्हायचंय."

"पहिलं?"

"मुलगा. दीड वर्षाचा." न्युकमोईनं तिच्याकडं पाहिलं, आणि तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "परवाच पाठवल्यात मी. टोपलीभर. कोवळ्या शेंगा."

बस गेलेली. दुसरी उद्या सकाळी. चुंगांचं गाव खिंडीपलीकडं, चालत चार तास. क्वेइमोईनं आत जाऊन पाण्याची बाटली भरली, दार ओढून घेतलं. दोघी निघाल्या. न्युकमोई एका पायानं लंगडत होती, पण मागं राहत नव्हती.

"तिला काय सांगू?" खिंडीच्या पायथ्याशी तिनं विचारलं.

"सांग, पोराला बाकला देऊ नको. तूही खाऊ नको, पोर अजून तुझं दूध पीत असेल तर. उद्या डॉक्टरकडं घेऊन चल म्हणावं."

"आणि तिच्या भावांचं काय सांगू?"

क्वेइमोईनं पाण्याची बाटली तिच्या हातात दिली. चढ सुरू झाला होता आणि दम राखायला हवा होता.